ज्यांना मत नव्हतं, त्यांचा खासदार

२३ जून १८९४, शनिवार. दक्षिण वेल्समधल्या किल्व्हुनिद गावच्या अल्बियन कोळसाखाणीत दुपारच्या पाळीची माणसं खाली उतरली होती. जुने लाकडी टेकू सुरुंगाने उडवण्याचं काम चालू होतं. चारच्या सुमारास खाणीतल्या वायूने पेट घेतला आणि बोगद्यांत साचलेल्या कोळशाच्या भुकटीने तो भडका खाणभर नेला. २९० माणसं मेली. त्यांत कोवळी मुलंही होती.

त्याच रात्री लंडनजवळच्या रिचमंडमध्ये ड्यूक ऑफ यॉर्कच्या पोटी मुलगा जन्मला. राणी व्हिक्टोरियाचा हा पणतू, पुढेमागे गादीवर बसणारा. दुसऱ्या दिवशी फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो यांच्यावर लियाँ शहरात एका अराजकवाद्याने सुरा चालवला आणि त्यातच ते गेले.

हाउस ऑफ कॉमन्सने कार्नोंबद्दल दुःख व्यक्त केलं. राजपुत्राच्या जन्माबद्दल राणीचं अभिनंदन करण्याचा ठरावही तयार झाला. खाणीतल्या २९० माणसांसाठी मात्र ठराव नव्हता. त्यांच्या कुटुंबांबद्दल सभागृह सहानुभूती व्यक्त करणार आहे का, असं एका खासदाराने विचारलं, तेव्हा सभागृहाचे नेते सर विल्यम हारकोर्ट यांनी औपचारिक ठरावाची गरज नाही, सहानुभूती सगळ्यांनाच आहे, असं सांगून विषय मिटवला.

त्या खासदाराने तो मिटू दिला नाही. २८ जूनला अभिनंदनाचा ठराव आला तेव्हा ते विरोध करायला उभे राहिले. आरडाओरडा आणि हेटाळणी यांतूनच त्यांनी भाषण केलं. या बाळाने राष्ट्रासाठी अजून काय केलं आहे, असा त्यांचा सवाल होता. पुढे जाऊन ते म्हणाले, की या मुलाभोवती लहानपणापासून खुशमस्कऱ्यांचा गराडा पडेल, आपण इतरांहून श्रेष्ठ आहोत हे त्याच्या मनावर ठसवलं जाईल, त्याला जगाच्या सफरीवर धाडलं जाईल, मग न शोभणाऱ्या विवाहाच्या अफवा उठतील आणि अखेर सगळ्याचा खर्च देशाला भरावा लागेल. त्यांच्या बाजूने कुणीही बोललं नाही.

या भाषणाकडे लोक भविष्यवाणी म्हणून पाहतात, कारण तो मुलगा म्हणजे आठवा एडवर्ड. डिसेंबर १९३६ मध्ये एका घटस्फोटित अमेरिकन स्त्रीशी लग्न करण्यासाठी त्याने राजत्याग केला. जगाच्या सफरीचा एक तुकडा तर मुंबईने पाहिला आहे. १७ नोव्हेंबर १९२१ ला युवराज म्हणून तो मुंबईत उतरला, तेव्हा शहराच्या एका भागात स्वागत, दुसऱ्या भागात बहिष्कार आणि परदेशी कापडाची होळी असं चित्र होतं. पाठोपाठ दंगल उसळली आणि काही दिवस माणसं मरत राहिली. मला मात्र त्या भाषणातलं भाकीत दुय्यम वाटतं. एका माणसाच्या आग्रहामुळे वेल्समधल्या मेलेल्या खाणकामगारांना ब्रिटिश पार्लमेंटच्या कामकाजात जागा मिळाली, हे मोठं आहे. त्या माणसाचं नाव जेम्स किअर हार्डी. ते स्वतः दहाव्या वर्षी खाणीत उतरले होते.

हार्डी यांचा जन्म १५ ऑगस्ट १८५६ चा, स्कॉटलंडच्या लॅनार्कशरमध्ये, न्यूहाउसजवळच्या एका खोलीच्या घरात. आपल्याकडे रत्नागिरीला लोकमान्य टिळक जन्मले त्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते. हार्डींची आई मेरी किअर शेतावर मोलकरीण होती आणि मूल झालं तेव्हा ती अविवाहित होती. पुढे तिने डेव्हिड हार्डी या जहाजाच्या सुताराशी लग्न केलं आणि मुलाला आडनाव मिळालं. घर ग्लासगोच्या गोदी भागात आलं. सातव्या वर्षी पोरगा एका जहाज कंपनीत निरोप्या म्हणून कामाला लागला. शाळा अशी त्याने पाहिलीच नाही. अक्षरओळख आईने करून दिली.

१८६६ च्या सुमारास क्लाइड नदीकाठच्या गोद्यांत मालकांनी टाळेबंदी केली आणि सावत्र बापाचं काम गेलं. धाकटा भाऊ तापाने अंथरुणाला खिळलेला, आई दिवस भरत आलेली, आणि घरात एकच कमाई: बेकरीत पाव पोचवणाऱ्या या पोराचे आठवड्याचे साडेतीन शिलिंग. सकाळी सातपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत काम. रात्र भावाच्या उशाशी बसून काढल्यामुळे दोन दिवस त्याला पाव तास उशीर झाला. दुसऱ्या दिवशी त्याला मालकाच्या घरात वर बोलावलं. कुटुंब न्याहारीच्या मेजाभोवती बसलं होतं. मालक देवभक्त, त्यामुळे आधी त्यांची प्रार्थना संपेपर्यंत पोराला दाराबाहेर उभं राहावं लागलं. मग सगळ्यांदेखत त्याला सुनावलं गेलं, कामावरून काढलं गेलं आणि आठवड्याचा पगारही दंड म्हणून कापला गेला. पोर पावसात भटकत राहिलं, कारण हे आईला सांगणार कसं? त्याच रात्री आई बाळंत झाली.

हार्डींनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहिला. श्रीमंताच्या मेजावरचा तो नाश्ता आणि ती प्रार्थना ते कधी विसरले नाहीत. तरी धर्माचा त्यांना राग आला नाही, हे विलक्षण आहे. आई आणि सावत्र वडील चर्चपासून दूर गेले, नास्तिक झाले. हार्डी मात्र विशीत ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले, दारूबंदीच्या चळवळीत शिरले, रस्त्यावर उभं राहून प्रवचनं देऊ लागले. आपला समाजवाद डोंगरावरच्या प्रवचनातून आणि रॉबर्ट बर्न्सच्या कवितेतून आला, मार्क्समधून फारसा नाही, असं ते सांगत. ज्या देवाचं नाव घेऊन मालकाने आपल्याला बाहेर काढलं त्या देवाला मालकाच्या ताब्यात ठेवायचं नाही, अशी त्यांची जिद्द होती, असं मला त्यांचं लेखन वाचताना जाणवतं.

दहाव्या वर्षी खाण. पहिलं काम ‘ट्रॅपर’चं: बोगद्यातल्या हवेच्या दाराशी अंधारात बसायचं, कोळशाच्या गाड्या आल्या की दार उघडायचं, गेल्या की लावायचं. दिवसाचे दहा तास. हिवाळ्यात सूर्य दिसायचा तो रविवारीच. मग तट्टू हाकणं, मग कोळसा फोडणं. काजळीने काळ्या केलेल्या दगडावर टाचणीने खुणा उमटवत याच काळोखात त्यांनी लघुलिपी शिकून घेतली. १८७७ च्या ऑक्टोबरमध्ये जवळच्याच ब्लँटायर खाणीत स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसं मेली. स्कॉटलंडच्या खाणींतला तो सर्वांत मोठा अपघात. हार्डी तेव्हा एकवीस वर्षांचे होते. सतरा वर्षांनी पार्लमेंटमध्ये उभं राहून जो माणूस अल्बियनबद्दल बोलला, त्याने खाणीच्या तोंडाशी थांबलेल्या बायका लहानपणापासून पाहिल्या होत्या.

बोलणारा मजूर मालकांना नको असतो. सभांमध्ये बोलतात म्हणून हार्डी आणि त्यांच्या भावांना खाणीतून काढलं गेलं आणि आसपासच्या खाणमालकांनीही त्यांच्यासाठी दारं बंद केली. त्यांच्या आयुष्याचं वळण इथेच पडलं. काम गेल्यावर ते खाणकामगारांचे संघटक झाले. १८७९ मध्ये लिली विल्सनशी लग्न झालं. पुढच्या वर्षी लॅनार्कशरचा संप झाला, तो फसला. मग दोघं एअरशरमधल्या कमनॉक गावी आले. तिथलाही संप फसला. पोटासाठी स्थानिक वर्तमानपत्रात लेखणी चालवली आणि १८८७ मध्ये ‘द मायनर’ हे स्वतःचं मासिक काढलं. त्याचंच पुढे ‘लेबर लीडर’ झालं.

या काळातली एक गोष्ट त्यांच्या चाहत्यांना अडचणीची वाटते, पण ती लपवण्यात अर्थ नाही. एअरशरच्या एका लोखंड कारखान्याने लिथुआनियन मजूर आणले, तेव्हा हार्डींनी त्यांच्याविरुद्ध लिहिलं, आणि ते केवळ मजुरीचे दर पाडण्याबद्दल नव्हतं. त्यांच्या राहणीबद्दल, अस्वच्छतेबद्दल, रोगांबद्दल त्यांनी जे लिहिलं ते वाचवत नाही. आपल्या खाणीतल्या आपल्या माणसाच्या पलीकडे तेव्हा त्यांची नजर जात नव्हती. वीस वर्षांनी हाच माणूस दक्षिण आफ्रिकेत काळ्या मजुरांची बाजू घेऊन गोऱ्या जमावाचे दगड झेलणार होता. मधल्या काळात ते बदलले. म्हणूनच त्यांचं चरित्र पुतळ्यापेक्षा मोठं आहे.

१८८८ च्या एप्रिलमध्ये मिड-लॅनार्क मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. तोवर पार्लमेंटमध्ये मजूर खासदार नव्हते असं नाही, १८७४ पासून काही जण होते. पण ते उदारमतवादी पक्षाच्या पंखाखाली. हार्डींनी आधी त्याच पक्षाकडे उमेदवारी मागितली. पक्षाच्या स्थानिक समितीने लंडनहून आलेला एक वकील निवडला. हार्डी अपक्ष उभे राहणार म्हटल्यावर माघारीसाठी निरोप आले: या वेळी थांबा, पुढच्या निवडणुकीत सुरक्षित जागा देतो, शिवाय वर्षाला तीनशे पौंड. ज्याच्या घरात तेव्हा आठवड्याचा हिशेब जुळत नव्हता त्याने नकार दिला. मतदान झालं ७,३८१. हार्डींना मिळाली ६१७.

आकडा लाजिरवाणा आहे. तरीही ब्रिटनमधल्या मजूर राजकारणाचा इतिहास सांगणारे याच ६१७ मतांपासून सुरुवात करतात. चारच महिन्यांत ग्लासगोत स्कॉटिश लेबर पार्टी स्थापन झाली. हार्डी सचिव आणि अध्यक्ष रॉबर्ट कनिंगहॅम ग्रॅहम, म्हणजे एक जमीनदार, घोडेस्वार, लेखक आणि समाजवादी खासदार. त्यांच्या मागण्यांत आठ तासांचा दिवस होता आणि स्कॉटलंडसाठी स्वराज्यही होतं. एडिंबरामध्ये स्कॉटलंडचं स्वतःचं पार्लमेंट बसायला त्यानंतर एकशे अकरा वर्षं लागली.

१८९२ मध्ये लंडनच्या पूर्वेकडच्या वेस्ट हॅम साउथ या गोदी-कामगारांच्या वस्तीतून हार्डी निवडून आले. तिथे उदारमतवादी उमेदवार त्यांच्याविरुद्ध नव्हता. पार्लमेंटमध्ये काळा कोट आणि उंच रेशमी टोपी घालून जायची रीत होती. हार्डी ट्वीडचा सूट आणि कापडी टोपी घालून गेले. समर्थकांच्या घोडागाडीत एक जण कॉर्नेट वाजवत होता. वर्तमानपत्रांनी त्याचा अख्खा ब्रास बँड केला आणि हार्डी जन्मभर ‘कापडी टोपीवाला’ झाले. पोशाखामागे ठरवून केलेला निषेध फारसा नसावा. त्यांच्याकडे होते ते कपडे घालून ते गेले. सभागृहाला मात्र तो अपमान वाटला.

याच निवडणुकीत मुंबईचे दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या काही मतांनी जिंकून त्याच सभागृहात गेले होते. एक गरीब पारशी पुरोहिताच्या घरातला, दुसरा स्कॉटिश मोलकरणीचा मुलगा. दोघेही १८९५ मध्ये पडले. त्या तीन वर्षांत हार्डी सतत एकाच विषयावर बोलले, बेकारांवर. सभागृहात त्यांची थट्टा व्हायची, ‘बेकारांचे खासदार’ हे नावही पडलं. त्या काळच्या ब्रिटनमध्ये घर बदललेला, भाड्याच्या खोलीत पडून असलेला, सरकारी मदत घेतलेला गरीब माणूस बहुधा मतदार यादीबाहेर असे. त्याची बाजू घेऊन निवडणुकीत पदरात काही पडत नव्हतं. हार्डींचं सगळं राजकारण या एका खुणेने ओळखता येतं. बेकार, बायका, हिंदी रयत, आफ्रिकेतले मजूर: त्यांनी ज्यांच्यासाठी आवाज चढवला त्यांतल्या बहुतेकांकडे त्यांना देण्यासाठी मत नव्हतं. म्हणूनच ते वारंवार हरले, आणि आज त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतं तेही म्हणूनच.

१८९३ च्या जानेवारीत ब्रॅडफर्डला इंडिपेंडंट लेबर पार्टी स्थापन झाली, त्यामागे हार्डी होते. १८९५ चा पराभव, अमेरिकेचा दौरा, आणखी एक पराभव, ही वर्षं भराभर ओलांडता येतात. १८९९ मध्ये मात्र थांबलं पाहिजे.

ग्लासगोला लागून असलेल्या रुदरग्लेनमध्ये शॉफिल्ड नावाचा रसायनांचा कारखाना होता. तिथे क्रोमियमचे क्षार बनत. मालक लॉर्ड ओव्हरटन हे स्कॉटलंडमधले नावाजलेले दानशूर. चर्चला, मिशनांना, धर्मप्रचाराला ते सढळ हाताने देत. रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी कुणी काम करू नये, या चळवळीचे ते आधारस्तंभ होते. कारखान्यात संप झाला तेव्हा मजूर हार्डींकडे आले आणि त्यांनी सांगितलं ते ‘लेबर लीडर’मध्ये छापून आलं. दिवसाला बारा तास, आठवड्याचे सातही दिवस, जेवणाची सुट्टी नाही, तासाला तीन-चार पेन्स. क्रोमच्या धुळीने त्वचेला खोल जखमा होत आणि नाकातला पडदा झिजून भोक पडे. रविवारी सार्वजनिक सभेत मालक देवाच्या विश्रांतीबद्दल बोलत, त्या वेळी त्यांच्या भट्ट्या पेटलेल्या असत.

या लेखांची पुस्तिका निघाली आणि तिचं नाव होतं ‘गोरे गुलाम’. ग्लासगोत ती हातोहात खपली. पाद्री मंडळींची पंचाईत झाली, कारण कितीतरी धर्मकार्यं ओव्हरटनच्या पैशावर चालत. अनेकांनी मालकाची बाजू घेतली. अखेर कारखान्यात काही सुधारणा कराव्या लागल्या. मला हा हार्डींच्या पत्रकारितेचा सर्वोच्च क्षण वाटतो. बेकरीवाल्याच्या दाराबाहेर उभं राहिलेल्या पोराचा तो हिशेब होता, पण त्यांनी तो वैयक्तिक होऊ दिला नाही. मजुरांच्या तोंडून आलेला तपशील, वेतनाचे आकडे, कामाच्या वेळा हे सगळं त्यांनी एकापाठोपाठ एक मांडलं. त्या कारखान्याचा विषारी कचरा रुदरग्लेन आणि आसपासच्या जमिनीत पुरला गेला. त्यातलं क्रोमियम आजही तिथल्या ओढ्यांत उतरतं आणि अलीकडच्या वर्षांत एका ओढ्याचं पाणी हिरवंगार झाल्याच्या बातम्या आल्या आहेत.

२७ फेब्रुवारी १९०० ला लंडनमध्ये कामगार संघटना आणि समाजवादी संस्था एकत्र बसल्या आणि मजूर प्रतिनिधित्व समिती जन्माला आली. सचिव झाले रॅम्से मॅकडोनाल्ड, तेही स्कॉटिश, तेही अविवाहित आईचे पुत्र. त्याच वर्षीच्या निवडणुकीत समितीचे दोनच खासदार आले. त्यांतले एक हार्डी, वेल्सच्या मर्थर टिडव्हिल मतदारसंघातून. दोन जागांचा हा मतदारसंघ. पहिली जागा डी. ए. थॉमस या खाणमालकाने जिंकली, दुसरी जुन्या खाणमजुराने. बोअर युद्धाचा उन्माद चढलेला असताना युद्धाला उघड विरोध करून ते जिंकले. मरेपर्यंत ते तिथलेच खासदार राहिले.

१९०६ मध्ये २९ जण निवडून आले आणि समितीचा मजूर पक्ष झाला. संसदीय गटाचं अध्यक्षपद हार्डींना मिळालं ते एका मताने, आणि त्या खुर्चीत ते रमले नाहीत. गट सांभाळणं, तडजोडी, रोजचा कामाचा रगाडा या गोष्टी त्यांना जमत नव्हत्या, आणि जमत नाहीत हे त्यांच्या सहकाऱ्यांना दिसत होतं. स्त्रियांच्या मताधिकाराच्या प्रश्नावर १९०७ च्या अधिवेशनात पक्षाने त्यांच्याविरुद्ध कौल दिला, तेव्हा त्यांनी पक्ष सोडण्याची भाषा केली. एखाद्या नेत्याने आपण उभ्या केलेल्या पक्षाला वर्षभरात असं म्हणावं, हे पुष्कळांना रुचलं नाही. १९०९ मध्ये तुरुंगातल्या उपोषण करणाऱ्या स्त्रियांना नळीने जबरदस्तीने अन्न घालण्याचा प्रश्न त्यांनी सभागृहात काढला. खासदार हसले. त्या हसण्याने आपण हादरलो, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं.

मताधिकाराच्या चळवळीतल्या सिल्व्हिया पँखर्स्टशी त्यांचं गाढ नातं होतं. तिने काढलेली त्यांची चित्रं लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत. इकडे लिली कमनॉकच्या घरी मुलं वाढवत, पैशांची ओढाताण सोसत राहिली. थोरल्या मुलीचा लहानपणीच मृत्यू झाला होता. नवरा वर्षातले बहुतेक दिवस लंडनमध्ये किंवा आगगाडीत. जगभरच्या वंचितांसाठी वेळ असलेल्या या माणसाकडे लिलीसाठी तो नव्हता. त्यांच्या चरित्रात तिची पानं थोडी आहेत, आणि हा दोष एकट्या चरित्रकारांचा नाही.

१९०७ च्या उन्हाळ्यात आजारी हार्डी जगाच्या प्रवासाला निघाले: कॅनडा, जपान, मग हिंदुस्थान. सप्टेंबरात ते कलकत्त्याला उतरले. वेळ स्फोटक होती. दोन वर्षांपूर्वी बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशी आणि बहिष्काराने देश पेटला होता, काही महिन्यांपूर्वी लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना चौकशीशिवाय मंडालेला धाडलं होतं. इंग्रज पाहुणे गव्हर्नरांच्या बंगल्यावर उतरत. हार्डी पूर्व बंगालच्या गावांत गेले, बारिसालला गेले, जिथे आदल्या वर्षी पोलिसांनी प्रांतिक परिषद लाठ्यांनी उधळली होती. त्यांनी जमिनीचा सारा विचारला, विद्यार्थ्यांची गाऱ्हाणी ऐकली. इथला कारभार रशियातल्या झारशाहीसारखा आहे आणि कॅनडाला मिळालं ते स्वराज्य हिंदुस्थानला मिळालं पाहिजे, असं ते बोलले.

तारेने बातम्या लंडनला पोचल्या, काही वाढवून, काही मोडतोड करून. ‘टाइम्स’ने झोड उठवली. ‘पंच’ने व्यंगचित्र काढलं. राजद्रोह पसरवणाऱ्या या माणसाला परत बोलवा, अशी ओरड झाली. हार्डींनी विपर्यास झालेल्या वाक्यांचा खुलासा केला, मूळ मुद्दा सोडला नाही. १९०९ मध्ये त्यांचं भारतावरचं पुस्तक निघालं. शेतकऱ्यावरचा करांचा बोजा, सरकारी नोकऱ्यांत हिंदी माणसाला बंद असलेली दारं, गोऱ्यांचा रोजच्या व्यवहारातला उद्दामपणा हे त्यात आहे. स्थानिक राज्यकारभार पेलण्याची पात्रता या लोकांत आहे, हे ते ठामपणे सांगतात. पुस्तकात उणिवा आहेत. दोन महिन्यांत पाहून लिहिलेला देश आहे तो, आणि जातीच्या प्रश्नापर्यंत त्यांची नजर फार खोल गेलेली नाही. पण १९०७ साली ब्रिटिश पार्लमेंटचा सदस्य हिंदुस्थानच्या खेड्यात जाऊन ऐकत होता, ही गोष्ट लहान नाही.

टिळक १९१८-१९ मध्ये विलायतेत राहिले तेव्हा त्यांनी मजूर पक्षाशी मुद्दाम संबंध जोडले, पक्षाला देणगीही दिली. हा पक्ष एक दिवस सत्तेवर येईल आणि त्या दिवशी उपयोगी पडेल, हा त्यांचा हिशेब होता. समवयस्क हार्डी तेव्हा हयात नव्हते. १९४७ मध्ये भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा मंजूर केला तो अ‍ॅटलींच्या मजूर सरकारनेच. त्यासाठी ठरलेली तारीख हार्डींचा जन्मदिवस निघाली, हा निव्वळ योगायोग. मजूर पक्षाची भारताबद्दलची भूमिका मधल्या काळात अनेकदा बोटचेपी होती, मॅकडोनाल्ड पंतप्रधान असताना तर गांधींसह हजारो सत्याग्रही तुरुंगात होते, हेही विसरता येत नाही.

हिंदुस्थानातून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड करत हार्डी दक्षिण आफ्रिकेत गेले. काळ्या मजुरांनाही कामगार संघटनांत घ्या, असं त्यांनी सांगितलं. सभा उधळल्या गेल्या, दगडफेक झाली. गोरे जमाव त्यांच्यावर तुटून पडले.

परतल्यावरची वर्षं संपांची होती. १९१० मध्ये दक्षिण वेल्सच्या टोनीपँडीत पोलिसांनी लाठ्या चालवल्या. १९११ मध्ये रेल्वेच्या संपात लानेली गावी सैन्याने गोळीबार करून दोन तरुण मारले. हार्डींनी पुस्तिका लिहिली आणि तिचं नाव ठेवलं ‘मारणं म्हणजे खून नव्हे’. मथळ्याचा रोख सरकारकडे होता. पण आता त्यांना एक मोठं संकट दिसत होतं. युद्ध सुरू झालं तर सगळ्या देशांच्या कामगारांनी एकाच वेळी संप करून ते थांबवावं, असा ठराव त्यांनी फ्रान्सच्या व्हायाँ यांच्यासह १९१० मध्ये कोपनहेगनला मांडला होता. २९ जुलै १९१४ ला ब्रसेल्समध्ये युरोपातले समाजवादी नेते जमले. तिथे ते झां जोरेस यांना भेटले. दोन दिवसांनी पॅरिसच्या एका उपाहारगृहात जोरेस यांना गोळी घालून मारलं गेलं. २ ऑगस्टला ट्राफल्गार चौकात हार्डी युद्धाविरुद्ध बोलले. ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरलं. कोणत्याही देशात तो संप झाला नाही.

६ ऑगस्टला ते आपल्याच मतदारसंघात, अ‍ॅबरडेअरला सभेसाठी गेले. ज्यांनी त्यांना चौदा वर्षं निवडून दिलं त्याच खाणकामगारांनी राष्ट्रगीतं गात, शिट्ट्या वाजवत त्यांना बोलू दिलं नाही. त्या गोंधळाच्या पुढाऱ्यांत सी. बी. स्टँटन होते, खाणकामगार संघटनेचे नेते आणि एके काळचे त्यांचे सहकारी. आजवर सभा उधळणारे परके होते. इथे आपली माणसं होती. १९१५ च्या आरंभी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. २६ सप्टेंबर १९१५ ला ग्लासगोच्या रुग्णालयात न्यूमोनियाने ते गेले, एकोणसाठाव्या वर्षी. हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्यांच्यासाठी श्रद्धांजलीचा एक शब्दही उच्चारला गेला नाही. दोन महिन्यांत झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांची जागा युद्धसमर्थक स्टँटन यांनी मजूर पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला हरवून जिंकली.

नऊ वर्षांनी मॅकडोनाल्ड पहिल्या मजूर सरकारचे पंतप्रधान झाले. मजूर पक्षाच्या आजवरच्या जवळजवळ प्रत्येक नेत्याने हार्डींचं नाव घेतलं आहे. कापडी टोपीचा उल्लेख सोयीचा आहे, खर्च काहीच येत नाही. मेलेल्या खाणकामगारांसाठी सगळ्या सभागृहाविरुद्ध उभं राहणं किंवा आपल्या मतदारांना न रुचणारं युद्धाबद्दलचं मत त्यांच्याच गावात जाऊन सांगणं, याचं अनुकरण करणारे थोडे. हार्डी चांगले पक्षनेते नव्हते, चांगले पती नव्हते, त्यांची सुरुवातीची काही मतं अनुदार होती. तरीही आधुनिक लोकशाहीतल्या खासदाराचं काम काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

हल्ली ग्लासगो आणि एडिंबराच्या विद्यापीठांत मराठी मुलंमुली शिकतात. आईवडील त्यांना भेटायला जातात, किल्ला आणि तळी पाहून येतात. त्यांना एक विनंती. ग्लासगोहून किल्मार्नकमार्गे जाणाऱ्या गाडीने ऑखिनलेकला उतरा. तिथून कमनॉक अगदी जवळ आहे. टाउन हॉलसमोर बेनो शॉट्झ यांनी घडवलेला हार्डींचा अर्धपुतळा आहे आणि बेयर्ड इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. जाण्याआधी त्यांचं भारतावरचं पुस्तक मिळवून वाचा.